आधी विचारणाऱ्यालाही वाट द्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घरगुती गॅरेज वाढवण्यासाठी सामासिक अंतरात सवलत मागण्याची सोपी, उघड आणि मुदतबंद पद्धत सुरू करण्याबाबत

महोदय,


न विचारता बांधकाम करणाऱ्यांना आपल्या राज्याने वेळोवेळी पदरात घेतलं आहे. २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि त्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंतचे विनापरवाना तुकडे, त्यावरची घरं नियमित करण्याची सोय झाली. २०२१ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली, मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. मधल्या काळात, २०१७ साली, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात कलम ५२-अ आलं आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामं दंड भरून पदरात पाडून घेता येऊ लागली. या निर्णयांबद्दल माझी तक्रार नाही. गुंठ्या-दोन गुंठ्याचे तुकडे घेणारे बहुतेक लोक पोटाला चिमटा काढून घर उभं करणारे होते. त्यांना उठवून लावण्यात कुणाचंच भलं नव्हतं.

माझा प्रश्न दुसऱ्या माणसाबद्दल आहे. जो आधी येतो, नकाशा घेऊन येतो, फी भरायला तयार असतो आणि म्हणतो, ‘साहेब, नियमात माझं बसत नाही, पण माझी अडचण खरी आहे, एवढी सूट द्या.’ त्याच्यासाठी आपल्याकडे कोणती खिडकी आहे? मी तो माणूस आहे, म्हणून हे पत्र.

मी दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रातून निवृत्त झालो. १९६८ साली साडेबासष्ट मेगावॉटच्या एका संचापासून सुरू झालेलं हे केंद्र आज ६६० मेगावॉटच्या संचापर्यंत आलं आहे. आमची पिढी कॉलनीच्या क्वार्टरमध्ये वाढली. तिथे जिन्याखाली सायकल आणि पुढे स्कूटर लागली की पार्किंगचा विषय संपायचा. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि भुसावळ ते वरणगाव या पट्ट्यात ज्याला जसं जमलं तसे बिगरशेती (एनए) प्लॉट घेऊन लोकांनी घरं बांधली. तीस बाय चाळीस, तीस बाय पन्नास फूट. माझा प्लॉट तीस बाय पन्नासचा, घर राखेच्या विटांचं, नकाशा मंजूर केलेला. घराच्या उजव्या बाजूला एका गाडीचा पोर्च आहे, स्लॅब टाकलेला, दोन खांबांवर. पोर्चच्या पलीकडे दीड मीटर मोकळी जागा आणि मग कंपाउंडची भिंत. कागदावर सगळं चोख आहे.

अडचण त्या दोन खांबांची आहे. माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला गाडीत बसवणं ज्यांनी केलं आहे त्यांना माहीत असेल, गाडीचं दार अर्धं उघडून भागत नाही. दार पूर्ण उघडावं लागतं, चेअर तिरकी करून सीटला भिडवावी लागते, ब्रेक लावावे लागतात, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवाव्या लागतात. मग एकाने समोरून काखेत हात घालायचे, दुसऱ्याने मागून कंबर सांभाळायची. हे सगळं करायला गाडीच्या बाजूला चांगला सव्वा-दीड मीटर रुंद, सपाट पट्टा लागतो. माझ्या पोर्चमध्ये दार उघडलं की ते खांबाला लागतं. म्हणून गाडी रस्त्यावर काढायची, चेअर उतारावरून खाली न्यायची आणि उन्हात बसवाबसवी करायची. भुसावळचं ऊन मंत्रालयातही ऐकून माहीत असेल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गाडी पाच मिनिटं उन्हात राहिली तरी सीटबेल्टच्या बकलला हात लावता येत नाही. ज्या अंगाला संवेदना कमी आहे तिथे ते बकल टेकलं तर तिला कळतही नाही. भाजलेलं आपल्याला संध्याकाळी दिसतं.

आता मापं बघा. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्यात, एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरली आहे. दिव्यांग व्यक्तीच्या गाडीसाठी मात्र सार्वजनिक इमारतींमध्ये ३.६ मीटर रुंदीची जागा ठेवावी लागते. म्हणजे चेअरवरच्या माणसाला गाडीत चढायला-उतरायला किती जागा लागते, हे सरकारला मुळात मान्य आहे. फरक ११० सेंटीमीटरचा आहे. तो बँकेत मिळतो, दवाखान्यात मिळतो, मॉलमध्ये मिळतो. ज्या घरातून तो माणूस बँकेत आणि दवाखान्यात जायला निघतो, तिथे मिळत नाही.

मला हवे आहेत ते हेच ११० सेंटीमीटर. खांब तेवढे बाहेर सरकवायचे आणि त्यावर छप्पर वाढवायचं. भिंत नाही, शटर नाही, वर खोली नाही. माझ्या दीड मीटरच्या मोकळ्या पट्ट्यात छप्पर आल्यावर कंपाउंडपर्यंत चाळीस सेंटीमीटर उरतील, पलीकडे शेजाऱ्याचा दीड मीटर आहेच. छपराचं पाणी पन्हळीने माझ्याच हौदात घ्यायचं. रस्त्याकडच्या अंतराला मला हात लावायचा नाही, राहायची जागा एका इंचानेही वाढवायची नाही.

महोदय, घराभोवती मोकळी जागा सोडण्याचा हा सामासिक अंतराचा नियम मला जाचक वाटत नाही. वीज केंद्रात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला मोकळ्या जागेची किंमत शिकवावी लागत नाही. आग लागली तर बंब आणि माणसं आत शिरायला जागा हवी, मागच्या खोलीला हवा-उजेड हवा, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आपली भिंत येऊ नये, पावसाचं पाणी दुसऱ्याच्या पायात जाऊ नये, यासाठी तो नियम आहे. भुसावळच्या जुन्या गल्ल्यांत घराला घर चिकटलेलं असतं, तिथे एकाच्या स्वयंपाकघरातला धूर दुसऱ्याच्या देवघरात जातो. तसं नव्या वसाहतींत होऊ नये असं मलाही वाटतं. म्हणून नियम ठेवाच. पण प्रत्येक नियमाला एखादी खरी अडचण छेद देतेच, आणि त्या वेळी काय करायचं हेही नियमातच लिहिलेलं असावं लागतं.

तेही लिहिलेलं आहे, हीच यातली गंमत आहे. यूडीसीपीआरमध्ये नियोजन प्राधिकरणाला एक स्वेच्छाधिकार दिला आहे. विशिष्ट प्रकरणात अडचण स्पष्टपणे सिद्ध होत असेल, तर विशेष लेखी परवानगीने नियमावलीतली मापं शिथिल करता येतात. त्याला कुंपणंही घातली आहेत. आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये. बांधकामाचा आकार, त्याची मुदत, अनामत रक्कम, अधिमूल्य अशा अटीही घालता येतात. कलम छान आहे. पण ते वापरायचं कसं, हे सामान्य माणसाला कुणी सांगत नाही. अर्जाचा नमुना कुठला, फी किती, अडचण सिद्ध करायची म्हणजे कोणता कागद जोडायचा, शेजाऱ्याची संमती लागते की नाही, उत्तर किती दिवसांत येणार, आधी अशी सवलत कुणाला मिळाली आहे का, यातलं काहीही कुठल्या फलकावर मला वाचायला मिळालेलं नाही.

मी विचारायला गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण कुठल्याही कार्यालयात हेच झालं असतं. टेबलामागचे गृहस्थ सज्जन होते. नकाशा नीट पाहिला, पत्नीची चौकशी केली, पाणी दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘काका, हे लेखी मागूच नका. लेखी मागितलं की लेखी नाहीच म्हणावं लागतं. पत्र्याचं शेड टाकून घ्या. कोण बघायला येतंय?’ घरी आल्यावर शेजारच्याने तेच सांगितलं, ‘काय भो, विचारत कशाला बसला? सगळ्यांनी टाकले पत्रे, तूही टाक.’

दोघांचाही हेतू चांगला होता, आणि हिशेबही बरोबर होता. आमच्या वसाहतीत उभं राहून पाहिलं तर हा हिशेब डोळ्यांना दिसतो. लोखंडी पाइप, निळे किंवा हिरवे पत्रे, वर विटा ठेवून दाबलेले. कुणाची बोलेरो, कुणाची एर्टिगा. कुणाचं शेड रस्त्याच्या गटारीपर्यंत आलेलं, कुणाचं विजेच्या तारेखाली. उन्हाळी वादळात यातला एखादा पत्रा सुटला की तो कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. ज्या सुरक्षिततेसाठी नियम केला, तीच अशा शेडने जाते. का? तर विचारण्यापेक्षा न विचारणं स्वस्त आहे. विचारलं तर नाही म्हणतात, नाही विचारलं तर काही होत नाही, आणि झालंच तर कधीतरी नियमित करायची योजना येते. हा धडा लोकांनी आपल्या मनाने घेतलेला नाही. २००१, २०१७ आणि २०२१ या तीन वेळी सरकारनेच तो शिकवला आहे.

दुसरीकडे काय चालतं तेही सांगतो. आमच्याकडची बरीच मुलं न्यू जर्सीत स्थायिक आहेत. तिथे घराचं गॅरेज मोठं करायचं असेल आणि शेजारच्या हद्दीपासूनचं अंतर कमी पडत असेल, तर गावाच्या झोनिंग बोर्डापुढे अर्ज करावा लागतो. अर्जदाराने दोनशे फुटांच्या आतल्या सगळ्या मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यायची, वर्तमानपत्रातही द्यायची. ठरलेल्या संध्याकाळी गावाच्या सभागृहात सुनावणी. अर्जदार शपथेवर आपली अडचण सांगतो, शेजारी उठून हरकत घेतो, बोर्डाचे सदस्य प्रश्न विचारतात आणि निकाल कारणांसह लेखी देतात. ही पद्धत काही कालची नाही. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली अमेरिकेतली पहिली सर्वंकष झोनिंग नियमावली केली, तेव्हाच अनाठायी अडचण होत असेल तर नियमाला मुरड घालण्याचा अधिकार एका अपील मंडळाला दिला होता. नियम कडक करायचा तर त्याला एक दार ठेवावं लागतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्या पद्धतीतही वेळ जातो, वकिलाचा खर्च होतो, पैसेवाल्यांचं जास्त ऐकलं जातं अशी ओरड तिथेही असते. ती जशीच्या तशी उचला असं माझं म्हणणं नाही. पण शेजाऱ्याला आधी कळवायचं, उघड ऐकायचं आणि कारण लिहायचं, या तीन गोष्टी आणायला आपल्याला कोणता खर्च आहे?

हा प्रश्न केवळ आजारी माणसांच्या घरांचाही नाही. आमच्या भागात अनेक घरांची चूल गाडीवर चालते. कुणी क्रूझर भुसावळ-रावेर मार्गावर चालवतो, कुणी जीप कंत्राटावर लावलेली असते, कुणाचा छोटा टेम्पो केळीचे घड वाहतो. बारा-तेरा माणसांची गाडी पाच मीटरच्या चौकटीत मावत नाही, शेपूट बाहेर राहते. इथे जुना कायदा आजच्यापेक्षा समजूतदार वाटतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिने शेतघराची व्याख्या करताना अवजारं ठेवायची जागा, गुरांचा निवारा, धान्य आणि चाऱ्याची साठवण, हे सगळं शेतीचाच भाग मानलं. शेतकऱ्याचा नांगर आणि बैल ही त्याच्या धंद्याची हत्यारं आहेत आणि त्यांना छप्पर लागतं, हे कायद्याने ओळखलं होतं. त्याच शेतकऱ्याचा नातू आज एनए प्लॉटवर राहतो आणि हप्त्यावर घेतलेल्या गाडीवर घर चालवतो. त्याच्या हत्याराला मात्र छपराचा हक्क नाही. रात्री गाडी रस्त्यावर लावायची, सकाळी बॅटरी जागेवर आहे का ते पाहायचं.

त्यात आता आणखी एक गोष्ट येऊ घातली आहे. २०२५ साली आपल्याच सरकारच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं की पार्किंगची जागा असल्याचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होऊ नये. कल्पना वाईट नाही. जपानने १९६२ सालीच तसा कायदा केला आणि तिथे घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी ठेवायची जागा दाखवावी लागते. पण एका खात्याने पार्किंगचा दाखला मागायचा आणि दुसऱ्या खात्याने पार्किंग करायची वाट बंद ठेवायची, हे चालणार नाही. उद्या हा नियम आलाच तर निळ्या पत्र्यांची शेडं दुप्पट होतील, आणि दाखले कसे मिळवायचे तेही लोक शोधून काढतील.

मला उत्तर काय येईल याचा अंदाज आहे. सवलत दिली की गैरवापर होतो. आज गॅरेज, उद्या किराणा दुकान, परवा भाडेकरू. भीती खरी आहे. पार्किंगच्या नावाखाली काय काय विकलं जातं हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात २०१० साली न्यायालयाला सांगावं लागलं की इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. पण नीट पाहिलं तर गैरवापर होतो तो गुपचूप केलेल्या बांधकामात, कारण त्याच्या कुठल्याच अटी कुणी लिहिलेल्या नसतात. ज्याने अर्ज केला, त्याच्या कागदावर अट आली. ज्याच्या शेजाऱ्याला नोटीस गेली, त्याच्यावर शेजारीच लक्ष ठेवतो. सरकारला एवढे फुकटचे निरीक्षक दुसरीकडे कुठे मिळणार?

म्हणून माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे.

१. यूडीसीपीआरमधल्या स्वेच्छाधिकाराच्या कलमाखाली घरगुती बांधकामासाठी एका पानाचा मराठी अर्ज ठरवून द्यावा. फी आणि जोडायचे कागद त्याच पानावर छापावेत. तो ऑनलाइन असावा आणि ग्रामपंचायतीतही मिळावा. दीपनगरहून जळगाव तीस-पस्तीस किलोमीटर आहे. नकाशाची एक घडी दाखवायला म्हाताऱ्या माणसाला तिथपर्यंत जावं लागू नये.

२. अर्ज आल्यावर लगतच्या प्लॉटधारकांना लेखी कळवावं आणि ठरलेल्या दिवशी दोन्ही बाजू ऐकाव्यात. शेजाऱ्याची नुसती नापसंती हे नकाराचं कारण असू नये. त्याचा उजेड, हवा किंवा पाणी अडत असेल तर ते मात्र असावं.

३. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये बांधकाम परवानगीच्या निर्णयाला साठ दिवसांची मर्यादा आहेच. सवलतीच्या अर्जालाही तीच लागू करावी. मंजुरी असो वा नकार, कारणं लिहून आदेश संकेतस्थळावर टाकावा, म्हणजे पुढच्या अर्जदाराला आपलं बसतं की नाही हे आधीच कळेल.

४. ज्या घरात दिव्यांगत्वाचं अधिकृत प्रमाणपत्र असलेली, चालू न शकणारी व्यक्ती राहते, तिथे ३.६ मीटर रुंदीच्या एका आच्छादित पार्किंगसाठी बाजूच्या किंवा मागच्या अंतरात अधिमूल्य न घेता सूट द्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. त्यात वाजवी सोयीसुविधेचं तत्त्व आलं आहे, ते घराच्या फाटकाबाहेर थांबू नये.

५. ही सूट सशर्त असावी. तीन बाजू उघड्या, भिंत-शटर नाही, व्यवसाय नाही. पाहणीचा हक्क प्राधिकरणाला असावा आणि गरज संपल्यावर मालकाने स्वखर्चाने बांधकाम पूर्ववत करण्याचं हमीपत्र द्यावं. अट मोडली तर अनामत जप्त करा आणि पाडा. माझी हरकत नाही.

यातल्या एकाही मागणीसाठी विधिमंडळात नवा कायदा आणावा लागणार नाही. कलम आहे, अधिकार आहे, साठ दिवसांची मुदत आहे. आपल्या विभागाने एक परिपत्रक काढून ही तीन टोकं एकत्र बांधायची आहेत. गुंठेवारीला वीस वर्षांनी मुदतवाढ देता येते, तर आधी अर्ज करणाऱ्याला एका पानाचा नमुना देणं अवघड नसावं.

माझा अर्ज, मंजूर नकाशाची प्रत, नवा नकाशा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि लगतच्या शेजाऱ्याचं ना-हरकत पत्र या पत्रासोबत रीतसर पाठवत आहे. खांब मी अजून हलवलेले नाहीत आणि लेखी उत्तर येईपर्यंत हलवणार नाही. उत्तर नकाराचं असलं तरी ते मी मान्य करीन. फक्त त्यात त्या ११० सेंटीमीटरांनी नेमकं कुणाचं काय अडतं, तेवढं लिहिलेलं असावं.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी
दीपनगर, ता. भुसावळ, जि. जळगाव